नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागा ज्या मुळांवर उभ्या आहेत, ती शोधणारा टेक्सासचा माणूस

नाशिक, सांगली, सोलापूर किंवा पुण्याच्या नारायणगाव पट्ट्यात कुठल्याही द्राक्षबागेत जा आणि विचारा, बाग कसली?

उत्तर येईल थॉमसन. नाहीतर सोनाका, तास-ए-गणेश, शरद.

आता पुढचा प्रश्न विचारा. खाली मुळं कसली?

उत्तर बहुतेक वेळा एकच येईल. डॉगरिज.

बागायतदाराच्या तोंडात हा शब्द इतका रुळलाय की तो कुठून आला हे कुणी विचारतही नाही. डॉग रिज हे खरं तर एका जागेचं नाव आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात बेल काउंटी म्हणून एक जिल्हा आहे, तिथला हा चुनखडीचा उंचवटा. या भागातली एक जंगली वेल एका माणसाने हेरली, वेगळी काढली आणि तिला त्या जागेचं नाव दिलं.

त्या माणसाचं नाव थॉमस व्होल्नी मन्सन.

इंटरनेटवर याच्याबद्दल एक वाक्य हमखास वाचायला मिळतं. फ्रान्सची वाइन एकट्या मन्सनने वाचवली. हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि खरी गोष्ट त्यापेक्षा भारी आहे.

मन्सनचा जन्म 26 सप्टेंबर 1843 चा, इलिनॉय राज्यातल्या अ‍ॅस्टोरिया गावाजवळचा. घर शेतकऱ्याचं. शिकायला तो केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला गेला आणि 1870 साली तिथल्या कृषी महाविद्यालयातून पदवीधर झाला. त्याच वर्षी एलेन स्कॉट बेल हिच्याशी लग्न झालं. सासरे फुलझाडांच्या धंद्यातले. म्हणजे इकडे विज्ञानाचं शिक्षण आणि तिकडे घरातच रोपवाटिका.

त्याला द्राक्षाचं वेड लावलं ते रॉबर्ट पीटर नावाच्या प्राध्यापकांनी. हे रसायनशास्त्र शिकवायचे आणि हौसेने द्राक्षं लावायचे. त्यांच्या बागेत मन्सनने अमेरिकन द्राक्षांचे वेगवेगळे वाण पाहिले आणि तो तिथेच अडकला.

1873 साली तो नेब्रास्का राज्यात लिंकनला गेला. तिथे रोपवाटिका सुरू केली, द्राक्षावर प्रयोग सुरू केले. पण नेब्रास्काने त्याला काही दिलं नाही. कधी दुष्काळ, कधी कडाक्याची थंडी, आणि त्यात टोळधाड. 1874 च्या टोळधाडीने त्या भागातली शेतंच्या शेतं साफ केली होती.

शेवटी 1876 मध्ये त्याने गाशा गुंडाळला आणि टेक्सासमधलं डेनिसन गाठलं. त्याचे भाऊ तिथे आधीच गेले होते. रेल्वे आली म्हणून 1872 मध्ये वसलेलं हे नवं कोरं गाव, शेजारून रेड रिव्हर वाहते. गाव वसवणाऱ्यांत त्याचा एक भाऊही होता.

नदीकाठच्या कड्यांवर आणि झाडांवर मन्सनला काय दिसलं? जंगली द्राक्षाच्या वेली. एक-दोन नाही, कितीतरी जातींच्या. ना कुणी पाणी घालत होतं, ना फवारणी करत होतं, तरी दुष्काळ आणि थंडी पचवून त्या मजेत वाढत होत्या. ज्या संकटांनी नेब्रास्कातली त्याची मेहनत मातीत घातली, त्यांना या वेली दाद देत नव्हत्या.

त्याचं पुढचं आयुष्य या वेलींतच गेलं.

तो रेल्वेने फिरला, घोड्यावरून फिरला, पायी फिरला. रेल्वेचाच प्रवास 50,000 मैलांच्या पुढे गेला असं सांगितलं जातं. कुठल्या मातीत कुठली वेल येते, कुठे पाणी कमी आहे, कुठे चुना जास्त आहे, कुठली वेल कधी फुलते, याच्या तो नोंदी ठेवायचा. घरी आणून लावायचा, एकमेकांशी संकर करायचा.

हे सगळं चालू होतं तेव्हा तिकडे फ्रान्समध्ये हाहाकार माजला होता.

1860 च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या द्राक्षबागा अचानक वाळायला लागल्या. आधी एक वेल जायची, मग शेजारची, मग अख्खा प्लॉट. वेल उपटून बघावी तर मुळं कुजलेली. कारण काही सापडेना.

1868 मध्ये ज्यूल प्लॅनशॉन या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. मेलेल्या वेलीऐवजी त्यांनी शेजारची अजून हिरवी असलेली वेल उपटली. तिच्या मुळांवर पिवळसर रंगाचे बारीक किडे बसले होते, भिंगाशिवाय धड दिसणार नाहीत असे. या किडीचं नाव फायलोक्झेरा.

ही कीड मुळांतला रस शोषते. युरोपियन वेलीच्या मुळांवर त्याने गाठी येतात, त्या फुटतात, जखमेतून बुरशी शिरते आणि मूळ सडतं. वेल मरायला लागली की कीड शेजारच्या वेलीवर जाते. म्हणून मेलेल्या वेलीखाली काहीच सापडत नव्हतं.

ही कीड आली होती अमेरिकेतून. हौसेने मागवलेल्या अमेरिकन रोपांबरोबर तिने समुद्र ओलांडला.

फ्रान्सच्या वाइनचे आकडे बघितले की धक्का किती मोठा होता ते कळतं. 1875 हे विक्रमी वर्ष होतं, सुमारे 845 कोटी लिटर वाइन तयार झाली. 1889 पर्यंत हा आकडा सुमारे 234 कोटी लिटरवर आला. द्राक्षावर जगणारे लाखो लोक रस्त्यावर यायची वेळ आली. सरकारने उपाय सांगणाऱ्याला 3 लाख फ्रँकचं बक्षीस लावलं.

लोकांनी काय काय करून बघितलं! बागेत पाणी भरून कीड बुडवायचा प्रयत्न झाला. जमिनीत कार्बन डायसल्फाइड हे जहाल रसायन टोचलं. कुणी तर वेलीखाली जिवंत बेडूक पुरले. पाणी जिथे भरता येईल तिथे थोडा उपयोग झाला, रसायन ज्यांना परवडलं त्यांची बाग काही काळ टिकली. पण सामान्य शेतकऱ्याच्या हातात काहीच नव्हतं.

उत्तर होतं ते त्या अमेरिकन वेलींतच.

अमेरिकेतल्या जंगली वेली या किडीबरोबर हजारो वर्षं राहिल्या होत्या. कीड मुळाला चावली की या वेली जखमेखाली बुचासारखा थर तयार करतात आणि सड आत जाऊ देत नाहीत. कीड मरत नाही, पण वेलही मरत नाही.

मग अमेरिकन वेलीच लावायच्या ना? इथे अडचण होती चवीची. बऱ्याच अमेरिकन द्राक्षांच्या वाइनला एक उग्र वास येतो, तो फ्रेंच माणसाला सहन होत नव्हता.

म्हणून कलम. मुळं अमेरिकन, वरची वेल फ्रेंच.

इथे जरा थांबून कलमाची भानगड समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

झाडाची साल आणि आतलं लाकूड यांच्यामध्ये एक पातळ जिवंत थर असतो. त्याला कॅम्बियम म्हणतात. जाडी वाढते ती या थरामुळे. खालच्या खुंटाचा आणि वरच्या काडीचा हा थर एकमेकांना नीट भिडवून घट्ट बांधला की दोन्हीकडच्या पेशी वाढून जोड भरून येतो. पाणी वर जायला लागतं, पानात तयार झालेली साखर खाली यायला लागते.

पण दोघांचं रक्त एक होत नाही. वरची काडी थॉमसनची असेल तर द्राक्ष थॉमसनचंच लागतं. खालचं मूळ जंगली ते जंगलीच राहतं. हापूसच्या कलमाखाली रायवळ आंब्याचा खुंट असला तरी आंबा हापूसच लागतो, तसंच.

मग खुंट करतो काय? तो वेलीचा संसार चालवतो. जमिनीतून पाणी किती ओढायचं, कुठले क्षार आत घ्यायचे आणि कुठले बाहेर ठेवायचे, हे मूळ ठरवतं. मुळातून वर जाणारी संजीवकं फुटव्यांचा जोर ठरवतात. खुंट बदलला की झाडाची उंची, फळ धरण्याचं वय, दुष्काळ सोसायची ताकद असं बरंच काही बदलतं. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राचा एम 9 हा सफरचंदाचा खुंट याचं गाजलेलं उदाहरण. त्यावर बांधलेलं सफरचंदाचं झाड बुटकं राहतं आणि लवकर फळ देतं.

तर 1869 पासूनच फ्रान्समध्ये अमेरिकन मुळांवर कलम करायची कल्पना मांडली जात होती. लेओ लालिमान आणि गास्तों बाझिय हे त्यातले सुरुवातीचे लोक. अमेरिकेतून चार्ल्स रायली हा कीटकशास्त्रज्ञ प्लॅनशॉनच्या बाजूने उभा राहिला. मिझुरी राज्यातून हरमन येगर या मूळच्या स्विस माणसाने जंगली वेलींच्या काड्या फ्रान्सला पाठवल्या. या सगळ्यात मन्सन अजून कुठेच नव्हता.

फ्रेंच शेतकऱ्यांचा विरोधही कडवा होता. ज्या अमेरिकेतून रोग आला, तिचीच मुळं आमच्या जमिनीत घालायची? बर्गंडीत तर अमेरिकन वेली आणायला 1887 पर्यंत बंदी होती. पण हळूहळू कलमी बागा तगताना दिसल्या आणि लोक वळले.

आणि मग दुसरंच संकट उभं राहिलं.

सुरुवातीला गेलेले खुंट प्रामुख्याने रिपारिया आणि रुपेस्ट्रिस या अमेरिकन जातींचे होते. रिपारिया नदीकाठच्या गाळात वाढणारी, तर रुपेस्ट्रिस ओढ्यांच्या दगडगोट्यांत. फ्रान्सच्या बऱ्याच भागांत ते छान चालले. पण कोन्याक आणि शाम्पेनसारख्या प्रदेशात जमीन चुनखडीची. अशा जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते नीट घेता येत नाही. पानं पिवळी पडायला लागली. किडीने मारलं नाही तिथे खुंटानेच दगा दिला.

कोन्याक म्हणजे जगप्रसिद्ध ब्रँडीचं गाव. तिथले बागायतदार हवालदिल झाले. चुनखडीत वाढणारी आणि फायलोक्झेराला पुरून उरणारी वेल पाहिजे होती.

1887 मध्ये फ्रेंच सरकारने पिएर व्हियाला या तरुण प्राध्यापकाला या कामासाठी अमेरिकेला पाठवलं. तो अनेक राज्यं फिरला, पण चुनखडीतली दमदार वेल काही मिळेना. फिरत फिरत तो डेनिसनला मन्सनकडे पोचला.

आणि इथे मन्सनच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी कामाला आल्या. कुठली वेल कुठल्या मातीत वाढते हे त्याला पाठ होतं. मध्य टेक्सासमध्ये बेल काउंटीच्या आसपास चुनखडीच्या टेकड्या आहेत आणि तिथे जंगली द्राक्षं जोमाने वाढतात, हे त्याने सांगितलं. तिथली माती कोन्याकच्या मातीशी मिळतीजुळती होती. व्हियालाने तिथे जाऊन पाहिलं आणि त्याचा शोध संपला.

यातली सगळ्यात महत्त्वाची जात होती बर्लांडिएरी. फ्रेंच शास्त्रज्ञांना ही जात नावाने आधीच माहीत होती. पण ती चुनखडीत कशी ठणठणीत राहते, हे तिच्या गावी जाऊन बघितल्यावर कळलं. टेक्सासमधून काड्या गोळा होऊन फ्रान्सला रवाना झाल्या.

बर्लांडिएरीची एक खोड होती. तिच्या काडीला मुळं सहज फुटत नाहीत, आणि ज्याच्या काडीला मुळं फुटत नाहीत तो खुंट रोपवाटिकेला परवडत नाही. म्हणून युरोपात तिचे संकर करण्यावर भर दिला गेला. युरोपियन द्राक्षाशी झालेल्या संकरातला 41 बी हा खुंट चुनखडीच्या जमिनीत गाजला. रुपेस्ट्रिसशी झालेल्या संकरांतून 110 रिश्टर, 1103 पॉल्सन असे खुंट आले. आज जगभरच्या द्राक्षबागांत ही नावं ऐकू येतात. आपल्याकडेही 110 आर म्हणतात तो हाच 110 रिश्टर.

1888 मध्ये फ्रेंच सरकारने मन्सनला शेतीतल्या कामासाठीचा मेरीत अ‍ॅग्रिकोल हा मान दिला. येगरचाही फ्रान्सने सन्मान केला. आज डेनिसन आणि कोन्याक ही दोन गावं एकमेकांची भगिनी शहरं आहेत.

म्हणजे फ्रान्सची वाइन मन्सनने एकट्याने वाचवली का? नाही. ते काम वीस वर्षांत अनेकांनी मिळून केलं. पण जिथे बाकीच्यांचं उत्तर चुकलं, त्या चुनखडीच्या जमिनीसाठी बरोबर टेकडी दाखवणारा माणूस तो होता. आणि ते त्याला सांगता आलं, कारण त्याने वेलीबरोबर तिची मातीही लिहून ठेवली होती.

आता यातली गंमत बघा.

मन्सनला स्वतःला खुंटासाठी ओळख नको होती. त्याचं स्वप्न होतं अमेरिकेची स्वतःची, खायला गोड आणि रोगाला दणकट अशी द्राक्षं तयार करण्याचं. त्याने सुमारे 300 वाण तयार केले. एकाला बायकोचं नाव दिलं, एलेन स्कॉट. एकाला बेली, हे त्या काळचे नामांकित बागायतशास्त्रज्ञ लिबर्टी हाइड बेली यांचं नाव. 1909 मध्ये त्याने अमेरिकन द्राक्षशेतीच्या पायावर मोठा ग्रंथ लिहिला. 21 जानेवारी 1913 रोजी डेनिसनमध्येच तो गेला.

सात वर्षांत अमेरिकेत दारूबंदी आली. वाइनचा धंदाच बंद झाला आणि मन्सनचे बहुतेक वाण बाजारातून दिसेनासे झाले. पुढे 1974 मध्ये डेनिसनच्या ग्रेसन कॉलेजने त्याच्या नावाने बाग उभी केली, तिथे त्याचे मिळतील तेवढे वाण गोळा करून जपले आहेत. त्याच्या बेली वाणाने मात्र जपानमध्ये नाव काढलं. तिथे झेनबेई कावाकामी यांनी बेलीचा मस्कत हँबर्गशी संकर करून मस्कत बेली ए तयार केलं. जपानच्या रेड वाइनचं ते आज महत्त्वाचं द्राक्ष आहे.

पण जगात सगळ्यात जास्त पसरलं ते त्याने जंगलातून नुसतं उचलून दाखवलेलं मूळ.

आता परत आपल्याकडे येऊ.

महाराष्ट्रात डॉगरिज आला तो फायलोक्झेरासाठी नाही. आपली अडचण होती पाणी आणि क्षार. पूर्वी आपल्याकडे द्राक्षाची काडी थेट जमिनीत लावायचे, म्हणजे थॉमसनची वेल थॉमसनच्याच मुळांवर. दुष्काळ वाढला, बोअरचं पाणी खारं झालं, जमिनी चोपण व्हायला लागल्या तशा या बागा मागे पडू लागल्या. थॉमसनची मुळं क्षारापुढे नाजूक. डॉगरिजचं मूळ खोल जातं, पाण्याचा ताण सोसतं, सूत्रकृमींना दाद देत नाही आणि खाऱ्या पाण्यातही तग धरतं. 1990 च्या दशकापासून डॉगरिजवरच्या बागा वाढत गेल्या.

आता तर पद्धत ठरूनच गेलीय. उन्हाळ्याच्या तोंडावर रानात डॉगरिजची जंगली रोपं लावायची, पावसाळ्यात ती जोमाने वाढू द्यायची आणि पावसाळा सरता सरता त्यावर हव्या त्या जातीची काडी पाचर मारून बांधायची.

पण खुंट फुकट काही देत नाही.

डॉगरिजचा जोर दांडगा. भारी काळी जमीन आणि भरपूर पाणी मिळालं की वेल नुसती पाल्यावर जाते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. त्या दिवसांत वाढ बेफाम झाली की घडनिर्मिती मार खाते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला डोळे फुटतात, पण घडच निघत नाहीत. म्हणून बागायतदार त्या काळात पाणी आणि नत्र हात राखून देतो, शेंडा मारतो, सबकेन करतो. हलक्या, खडकाळ रानात जो डॉगरिज तारतो, तोच भारी रानात डोईजड होतो. मग काही जण 110 आर कडे वळतात.

कोन्याकच्या शेतकऱ्यांना रिपारियाने शिकवलं तेच हे. चांगला खुंट असा काही प्रकारच नसतो. कुठल्या मातीसाठी चांगला, एवढंच विचारता येतं.

म्हणून पुढच्या वेळी कलम घ्यायला नर्सरीत जाल, मग ते द्राक्षाचं असो, संत्र्याचं असो नाहीतर आंब्याचं, तेव्हा पाटीवरचं नाव वाचून पैसे काढू नका. पाटीवर फक्त वरच्या झाडाचं नाव असतं.

खाली खुंट कुठला आहे तेही विचारा, आणि तुमची माती, तुमचं पाणी कसं आहे ते सांगा. डेनिसनला आलेल्या फ्रेंच प्राध्यापकाने मन्सनला नेमकं हेच विचारलं होतं.